पाचपैकी किती, सर?

हॉटेलात जेवायला जाणं ही आमच्या घरात अजूनही घटना असते. कुणाचा निकाल लागला, कुणाची मंगनी ठरली, एखादे नातेवाईक हजहून परतले, अशा निमित्ताने वर्षातून चार-पाच वेळा आम्ही सहकुटुंब बाहेर पडतो. मुलं आदल्या रात्रीच काय मागवायचं ते ठरवून ठेवतात. अम्मी दुपारी एकच चपाती खातात. बेगम निघताना गॅस बंद केला का हे तीनदा पाहतात आणि "घरी केलं असतं तर निम्म्या पैशात झालं असतं" हे वाक्य रिक्षातच उरकून घेतात. इतकं सगळं करून तिथे पोचल्यावर माणसाला हवं असतं तरी काय? बसायला जागा, प्यायला पाणी आणि कुणीतरी जवळ येऊन विचारावं, "बोला, काय आणू?" पहिल्या दोन गोष्टी मिळतात. तिसरीची टंचाई आहे.

गेल्या अंकात आम्ही शाळेतल्या ऑनलाइन माहिती भरण्याच्या कटकटीवर लिहिलं, तेव्हा एका भगिनींनी कळवलं, "सर, शाळेचं राहू द्या, तुम्हाला त्याचा पगार तरी मिळतो. आम्ही पैसे देऊन हॉटेलात जातो आणि तिथेही फोनच चालवत बसतो. त्यावर लिहा." मुद्दा बिनतोड आहे. म्हणून या महिन्यात हे.

तर टेबलावर चिकटवलेला तो काळा-पांढरा चौकोन. क्यूआर कोड. त्याचा जन्म जेवणासाठी झालेला नाही. १९९४ साली जपानमध्ये डेन्सो या मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या समूहात मासाहिरो हारा या अभियंत्याने सहकाऱ्यांबरोबर तो तयार केला. कारखान्यात खोक्यांवर उभ्या रेघांचे साधे बारकोड असत. एकेका खोक्यावर असे अनेक बारकोड लावावे लागत आणि ते एकामागून एक वाचून कामगार मेटाकुटीला येत. 'गो' नावाच्या खेळाच्या पटावरच्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्या पाहून हारांना या चौकोनाची कल्पना सुचली. तीन कोपऱ्यांत जे ठळक चौकोन दिसतात, ते यंत्राला सांगतात की कोड कुठे आहे आणि कोणत्या बाजूने धरला आहे. सर्वांत भक्कम प्रकारच्या कोडचा सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. कारखान्यातल्या तेलकट, मळक्या वातावरणासाठी केलेली ही सोय. आपल्याकडे ती रस्सा सांडलेल्या टेबलावर उपयोगी पडते.

म्हणजे दोष त्या चौकोनाचा नाही. तो बिचारा इमानदार आहे. कोविडनंतर हॉटेलं उघडली तेव्हा मेन्यूचं कार्ड या हातातून त्या हातात फिरू नये म्हणून तो टेबलावर येऊन बसला. तेव्हा ते शहाणपणाचंच होतं. पुढे मास्क गेले, दारातल्या सॅनिटायझरच्या बाटल्या गेल्या, चौकोन राहिला. कारण समजायला अर्थशास्त्र नको. कार्ड छापायचा खर्च वाचतो, भाव रातोरात बदलता येतो आणि ऑर्डर घ्यायला माणसं कमी लागतात. जे काम पगार घेऊन कुणीतरी करत होतं ते आता गिऱ्हाईक स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या नेटच्या पैशांत करतं. त्याबद्दल बिलात सूट मिळाल्याचं आम्ही तरी अजून पाहिलेलं नाही.

थोरलीच्या ॲडमिशनसाठी आम्ही सोलापूरहून पुण्याला गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. काम फत्ते झालं म्हणून तिच्याच पसंतीच्या एका हॉटेलात गेलो. हॉटेल तळघरात. तिथे फोनला नेट येईना. नेट नाही म्हणून तिथलं वायफाय घ्यायचं, वायफायसाठी मोबाइल नंबर टाकायचा, नंबरवर ओटीपी येणार, आणि ओटीपी यायला नेटवर्क लागतं, जे तळघरात नाही. मग आमच्या धाकट्याने जिना चढून रस्त्यावर जायचं, ओटीपी पाठ करायचा आणि तो शिळा व्हायच्या आत धावत खाली यायचं, असं ठरलं. दोन फेऱ्यांत जमलं. मग फोनने विचारलं, तुम्ही कुठे आहात ते पाहण्याची परवानगी द्याल का? अरे बाबा, आम्ही सात नंबरच्या टेबलावर आहोत, तूच तर बसवलंस!

या सगळ्यात अम्मी शांत होत्या. त्यांचं वय ७२. फोन बटणांचा, तोही फक्त हिरवं आणि लाल बटण दाबण्यापुरता. त्यांनी टेबलावर बोट ठेवून विचारलं, "ये क्या चिपकाए यहाँ?" थोरलीने समजावलं. "मग कागद का कार्ड नै क्या?" नव्हतं. थोरली वाचून दाखवायला लागली, पण मेन्यू सगळा इंग्रजीत आणि पदार्थांची नावं अशी की वाचूनही ती भाजी आहे की अत्तर हे कळू नये. मुलं फोटोवर बोट ठेवून ठरवत होती. अम्मींनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, चष्मा वर केला, खाली केला. त्यांचं बोट चुकून कुठेतरी लागलं आणि पान उडून दुसरंच आलं. मग त्यांनी फोन परत दिला आणि म्हणाल्या, "तुम खाते वोइच मैं खाती."

वाचकहो, आम्हाला खटकलं ते इथे. नेट मिळत नाही, ओटीपी येत नाही, या गोष्टींवर चिडावं आणि विसरावं. पण ज्या बाईने पन्नास वर्षं घरात आज काय शिजणार हे ठरवलं, जिच्या एका नजरेवर खाटीक मटणाचा तुकडा बदलून देतो, तिला जेवणाच्या टेबलावर आपलं मत मागे घ्यावं लागलं, तेही तिच्याच पसंतीचं विचारायला कुणी आलं नाही म्हणून. आणि अम्मी एकट्या नाहीत. आजूबाजूला पाहा, ज्या टेबलावर वडीलधारं माणूस आहे तिथे ते बहुधा हात मांडीवर ठेवून बसलेलं असतं आणि बाकी सगळे माना खाली घालून फोनमध्ये असतात.

शिवाय प्रश्न नुसता वाचण्याचा नाही, विचारण्याचाही आहे. आपल्या घरची माणसं हॉटेलात गेली की पहिला प्रश्न ठरलेला, मटण हलाल आहे ना? वेटरच्या तोंडाकडे बघून विचारायचा प्रश्न आहे हा. तो "हो" कसा म्हणतो यावर आपण बसायचं की उठायचं ते ठरवतो. मग पुढचे प्रश्न, आजचंच आहे का, तिखट किती, नळी मिळेल का, अर्धी प्लेट देता का. फोनवरच्या मेन्यूत यातल्या कशालाच जागा नाही. तिथे एक छोटी चौकट असते, 'सूचना लिहा'. धाकट्याने त्यात लिहिलं, "हलाल आहे का?" उत्तर आलं, तुमची सूचना स्वयंपाकघरात पोचली आहे. प्रश्न पोचला, उत्तर नाही! शेवटी आम्ही उठून काउंटरवर गेलो, तिथल्या माणसाने भिंतीवर टांगलेलं प्रमाणपत्र दाखवलं, तेव्हा जेवण सुरू झालं. ते प्रमाणपत्र टेबलावरून दिसेल असं लावायला काय हरकत होती, हे आम्ही त्यांना विचारलं. ते म्हणाले, मेन्यूत सगळ्यात खाली टाकलंय ना सर.

आमचे अब्बा आम्हाला लहानपणी पुण्याला न्यायचे तेव्हा कॅम्पातल्या इराण्याकडे नेत. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या. वेटर येऊन एका श्वासात सगळी यादी म्हणून दाखवायचा, आणि आपण उठलो की तिथूनच गल्ल्याकडे ओरडून आकडा सांगायचा. कागद नाही, पेन नाही. त्याच्या डोक्यात आठ टेबलांचा हिशेब असायचा. जुनं सगळं सोनं होतं असं मात्र आम्ही म्हणणार नाही. चार ग्लासांत चार बोटं बुडवून पाणी आणणारे वेटर आम्ही पाहिले आहेत. 'छोटू' अशी हाक मारली की खरोखरच नऊ-दहा वर्षांचा पोरगा फडकं घेऊन धावत यायचा, हेही पाहिलं आहे. १० ऑक्टोबर २००६ पासून धाबे, हॉटेलं आणि घरकामात चौदा वर्षांखालची मुलं ठेवायला बंदी आली. शिक्षक म्हणून आम्हाला तो बदल कुठल्याही मोबाइलपेक्षा मोठा वाटतो. पण वेटरची हाक मात्र तीच राहिली. पन्नाशीच्या माणसाला लोक बिनदिक्कत 'ए छोटू' म्हणतात. अम्मी 'भाई' म्हणतात. आम्हीही.

आता बिलाकडे येऊ. त्या दिवशीचं आमचं जेवण झालं १४८० रुपयांचं. बिल आलं १७०९ रुपये ४० पैशांचं. मधे होतं १० टक्के सर्व्हिस चार्ज म्हणून १४८ रुपये, आणि त्या दोन्हींच्या बेरजेवर ५ टक्के जीएसटी. सर्व्हिस कसली, ऑर्डर आम्ही घेतली, ओटीपीसाठी जिना आमच्या मुलाने चढला! पुष्कळांचा समज असतो की सर्व्हिस चार्ज हा सरकारी कर आहे. तो नाही. जीएसटी सरकारकडे जातो, सर्व्हिस चार्ज हॉटेलकडे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या की हॉटेलने बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावू नये, दुसऱ्या नावानेही लावू नये आणि तो देणं ऐच्छिक असल्याचं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं. हॉटेलवाल्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने या सूचना योग्य ठरवल्या. एवढं माहीत असल्याने आम्ही शांतपणे काढून टाकायला सांगितलं. उत्तर मिळालं, "सर, ते सिस्टिममधूनच येतं." आमच्या लहानपणी जी कामं नशीब करायचं ती आता सिस्टिम करते. आम्ही म्हटलं, मग सिस्टिमलाच सांगा. तक्रार करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, तोही सांगितला. पाच मिनिटांत १५५४ रुपयांचं नवं बिल आलं. सिस्टिमला करता येत होतं तर!

यात आवाज चढवायची गरज पडली नाही, हे मुद्दाम सांगतो. काही लोकांना हक्काची गोष्ट मागतानाही भांडण केल्याशिवाय चैन पडत नाही, आणि ते भांडण बिल आणून देणाऱ्या पोराशी असतं, ज्याचा त्या १४८ रुपयांशी काडीचा संबंध नसतो. आणि कुणी प्रेमाने वाढलं असेल तर बख्शीश जरूर द्यावी. ती आपल्या हाताने, त्याच्या हातात.

तसंच नंबराचं. बिल करायला मोबाइल नंबर, पाव किलो खारी घ्यायला मोबाइल नंबर. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना कळवलं आहे की नंबरासाठी अडून बसू नका, नंबर दिल्याशिवाय बिलच होणार नाही असं म्हणणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. तरी विचारणं चालूच आहे, आणि आपण सवयीने सांगतोही. आमची तक्रार नंतर येणाऱ्या जाहिरातींच्या मेसेजांपुरती नाही. त्यांच्यासाठी १९०९ वर 'स्टार्ट ०' असा संदेश इंग्रजीत पाठवून ठेवावा, बराच आराम पडतो. खरी गोष्ट वेगळी आहे. त्या काउंटरवर थोरली नंबर सांगायला लागली तेव्हा तिच्या मागे चार अनोळखी माणसं उभी होती. कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा नंबर भर दुकानात मोठ्याने दहा आकडे म्हणून सांगायचा, हे कुठल्या आईबापाला रुचेल? "नंबर देत नाही, बिल असंच करा," हे वाक्य मुलींना शिकवून ठेवावं. तिने ते म्हटलं. बिल झालं.

पैसे देण्याची गंमत तर सर्वांना ठाऊक आहे. यूपीआय आलं २०१६ साली, आणि त्याने सुट्ट्या पैशांच्या बदल्यात चॉकलेट घेण्यातून आपली सुटका केली, हे उपकार आम्ही नाकारत नाही. पण ते अडतं तेव्हा कसं अडतं! २६ मार्च २०२५ ची संध्याकाळ आठवते का? रमजानचे शेवटचे दिवस, विजापूर वेशीतला मीना बाजार माणसांनी फुललेला, इफ्तार नुकताच झालेला, आणि देशभर यूपीआय काही काळ अडखळलं. शेवया, सुरमा, बांगड्या, मुलांचे कपडे, प्रत्येक गाड्यावर फोन पुढे केलेले आणि पैसे मिळाल्याचं सांगणारा तो छोटा डबा मुका. "भाई, आवाज नई आया." आमच्या खात्यातून गेल्याचं दिसतंय, त्याच्याकडे आल्याचं दिसत नाही, मागे गर्दी ढकलते आहे. कोण खोटं बोलतंय? कुणीच नाही. पण दोघंही एकमेकांकडे चोरासारखे पाहतात. त्या संध्याकाळी आमच्या कुटुंबाची इज्जत अम्मींच्या कापडी बटव्याने राखली. बटव्यातल्या नोटा चार घड्या घालून ठेवलेल्या असतात आणि त्यांना कापराचा वास येतो. गाडेवालाही हसला. पुढे १२ एप्रिलला पुन्हा तसंच झालं.

असे अडकलेले पैसे बुडत नाहीत, हे मात्र सांगून ठेवतो, कारण पुष्कळ बायाबापड्या घाबरतात. रिझर्व्ह बँकेचा २० सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. दुकानदाराला यूपीआयने दिलेले पैसे तुमच्या खात्यातून गेले पण त्याला मिळाल्याची खात्री झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई. व्यवहाराचा नंबर दिसतो त्या पानाचा फोटो काढून ठेवायचा, बस्स.

आता जी गोष्ट आम्हाला या लेखात खरं म्हणजे आधी सांगायची होती, ती. आमच्या गावाबाहेर एक नवं हॉटेल झालं आहे. मागच्या महिन्यात मेहुण्यांनी तिथे बोलावलं होतं. टेबलावर चौकोन होताच. आम्ही चष्मा शोधत होतो इतक्यात काळं जाकीट घातलेला, हातात टॅब घेतलेला एक तरुण आला आणि "अस्सलामु अलैकुम सर" म्हणून उभा राहिला. सहावीत आमच्या वर्गात होता. उर्दू अक्षर इतकं सुरेख की फलकावर सुविचार लिहायचं काम कायम त्याच्याकडे. दहावीनंतर वडील आजारी पडले, शिक्षण सुटलं. आता तो इथे कॅप्टन आहे, म्हणजे वेटरांच्या वरचा.

त्याने अम्मींकडे पाहिलं, टॅब बगलेत धरला आणि सगळा मेन्यू तोंडी म्हणून दाखवला. पाढे म्हणायचा तसा, न अडखळता. अम्मींनी आपले सगळे प्रश्न विचारले. हलाल? जी दादी, खाटीक अमुक गल्लीतले. आजचं? सकाळचं. नळी? बघतो, एक काढून ठेवायला सांगतो. अम्मींनी शीक मागवली, दाल मागवली, आणि धाकट्याला जे हवं होतं ते नको म्हणून सांगितलं. पुष्कळ दिवसांनी आम्ही त्यांना हॉटेलात हुकूम सोडताना पाहिलं.

जेवण झाल्यावर गर्दी ओसरली तेव्हा तो दोन मिनिटं उभा राहून बोलला. म्हणाला, सर, पूर्वी बडीशेपेच्या बशीत दहा-वीसची नोट असायची, दिवसाला भाजीपाल्याचं निघायचं. आता लोक बिल फोनवर भरतात, आकड्याला आकडा. बख्शीश द्यायची इच्छा असते त्यांची, पण नोट खिशात नसते. बिलातून जे जमतं ते मालक वाटतात, नाही असं नाही, पण एकूण किती जमलं ते आम्हाला दिसत नाही. मग त्याने जरा संकोचून फोन पुढे केला. "सर, तेवढे तारे द्या ना. माझं नाव लिहा."

आम्ही विचारलं, तारे दिल्याने काय होतं? त्याने सांगितलं ते ऐकून आमच्या मास्तरकीला धक्काच बसला. रोज रात्री मॅनेजर तारे पाहतात. पाच असले तर ठीक. चार असले तर बोलावून विचारतात, गिऱ्हाईक नाराज का गेलं? "चार म्हणजे नापासच, सर."

आम्ही वीस वर्षांवर पेपर तपासतो आहोत. पाचपैकी चार म्हणजे शंभरात ऐंशी. आमच्या शाळेत ऐंशी टक्के मिळाले तर घरात मिठाई येते, पस्तीसला पास करतो आम्ही! पाचपैकी पाच आम्ही निबंधाला आजवर कुणालाही दिलेले नाहीत. या पठ्ठ्यालाही नाही, त्याच्या त्या सुरेख अक्षरासकट साडेचारच दिले होते, आणि ते त्याला अजून आठवत होतं. आता आमच्यासारखे शेकडो लोक जाता जाता एका बोटाने गुण देतात. कुणाला पार्किंग मिळालं नाही म्हणून एक कमी, कुणाचा फोन अडला म्हणून दोन कमी, कुणाचं बायकोशी बिनसलं म्हणून तीन कमी. उत्तरपत्रिका कुणाची, चूक कुणाची, याची तपासणी नाही, फेरतपासणी नाही, आणि निकाल रोज रात्री. आमच्या बोर्डाला लोक नावं ठेवतात, पण तिथे निदान गुणपडताळणीचा अर्ज तरी करता येतो.

अम्मींनी विचारलं, "क्या बोल रा वो?" आम्ही समजावून सांगितलं. त्यांनी क्षणभर विचार केला. "उसकू पाच में पाच लिख. दाल कू तीन. नमक जास्ती था."

परीक्षकाला शोभेल असा निकाल होता, पण फोनमध्ये ताऱ्यांची रांग एकच. मुलगा आणि दाल दोघांना मिळून. पाच दिले तर दालीतलं मीठ माफ, चार दिले तर रात्री पोराची हजेरी. बेगम म्हणाल्या, पाच द्या आणि उठा, रिक्षा थांबली आहे. आम्ही पाच दिले. अम्मींनी बटव्यातून पन्नासची नोट काढली, तिच्या चारही घड्या उलगडून त्याच्या हातात ठेवली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

ताऱ्यांच्या खाली शेऱ्यासाठी जागा होती. शेरा लिहिणं हा आमचा धंदाच, तो कसा सोडणार? आम्ही सविस्तर लिहिलं, की वाढणारा मुलगा उत्तम आहे, दालीत मीठ जास्त आहे, आणि प्रत्येक टेबलावर नाही तरी काउंटरवर चार मेन्यू कार्डं मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि उर्दूत छापून ठेवावीत. उर्दूतल्या कार्डाचं लिखाण करायला बाहेरचा माणूस शोधायची गरज नाही, तो तुमच्याच हॉटेलात टॅब घेऊन फिरतो आहे, हेही लिहिलं. पाठवा हे बटण दाबलं. फोनने उत्तर दिलं, आपला अभिप्राय तपासणीनंतर प्रसिद्ध होईल.

त्याला आता महिना होत आला. आमचा पेपर अजून तपासून आलेला नाही.